खिडकीची जागा

१

दुपारी दुकान बंद करून जेवणं आटोपली, की आमच्या घरात वरून कानसीचा आवाज सुरू व्हायचा. खर्र, खर्र. मग थांबायचा. मग एक फुंकर. मग परत खर्र. त्या आवाजावर मला डुलकी लागायची आणि आवाज थांबला की जाग यायची. कैक वर्षांची सवय.

गाव माझ्या नवऱ्याला गुंडप्पाशेठ म्हणतं. मी नाव घेत नाही, मी आपली 'हे' म्हणते. वडवणीत बाजाराच्या रस्त्याला आमचं कापडाचं दुकान. पुढं दुकान, मागं घर, आणि वर पत्र्याची एक खोली. दुकान आता महांतेश, आमचा मुलगा, बघतो. आणि वरच्या खोलीत हे रेल्वे करतात.

खेळण्यातली म्हणाल तर ती नव्हे. बोटभर उंचीचा डबा, पण दारं, दाराच्या कड्या, पायऱ्या, पंखे, सगळं जागच्या जागी. खिडक्यांचे गज जळक्या पंख्याच्या तांब्याच्या तारेचे. पत्र्याला मागून बोथट सुईनं टिचक्या दिल्या की पुढून रिव्हेटी उठायच्या, अगदी खसखशीच्या दाण्याएवढ्या. बाकांचं रेक्झिन महांतेशच्या शाळेच्या दप्तराचं. पुढं हिरवं डिझेल इंजिन, तुपाच्या डब्याच्या पत्र्याचं. त्यात ह्यांनी मोटार कधी बसवली नाही.

"कावून न्हाई बसवली?" मी विचारलं होतं.

"गाडी भरल्याबिगर कावून हलवायची?"

बीडला रेल्वे येणार, येणार, हे ऐकत ह्यांचं लहानपण गेलं, मिशा पिकल्या. वाट बघून कंटाळले आणि घरातच गाडी करायला बसले. आता बीडला खरी गाडी आलीसुद्धा. महांतेश म्हणाला, "आप्पा, चला, नगरपर्यंत बसवून आणतो." हे म्हणाले, "आधी माझी भरू दे."

आम्ही हसलो होतो.

२

मला अक्षर येत नाही. पण एकदा बघितलेलं माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. कोणाच्या लग्नात कोण कोणत्या काठाचं नेसली होती, ते मी आजही सांगेन. ह्यांचं उलटं. हात सोन्याचा, पण ध्यान नाही. म्हणून हे मला वर बोलवायचे, स्टुलावर बसवायचे आणि विचारायचे.

"डब्याच्या खिडकीचा गज सगळा एकसारखा काळा असतो का गं?"

"न्हाई. जिथं माणसं धरून बसतात तिथं घासून पांढरा पडलेला असतो. मधल्या गजाला जास्त."

मग हे तेवढाच रंग बारीक कानसीनं काढायचे. डबा नवा कोरा दिसला की त्यांना पटायचं नाही. पातळ तपकिरी पाण्यानं मळवायचे. चाकांजवळची धूळ कशी, संडासाच्या खिडकीखालचा ओघळ कसा, सगळं माझ्याकडून. परळीहून लातूरला माहेरी जाताना मी जे काही बघितलं होतं, ते त्या डब्यात उतरलं. मला अभिमान वाटायचा, खोटं कशाला बोलू. हात त्यांचे आणि डोळे माझे.

डब्यात माणसंही होती. रंगाऱ्याच्या लांबीची माती मळून केलेली, तांदळाच्या दोन दाण्यांएवढी. पाय खाली सोडून बसलेली, कोणासारखीच न दिसणारी. खिडकीची एक जागा मात्र मोकळी.

"ही कोणाची?"

"माझी. तिथं मी बसणार."

"आणि मी?"

"तू मागून ये सावकाश. माझी मांडी घालून मग."

त्यावर मी त्यांच्या हातावर चापट मारली.

३

ते मांडीचं नीट सांगायला पाहिजे.

आम्हा लिंगायतांत गेलेल्या माणसाला निजवून नेत नाहीत, बसवून नेतात. मांडी घालायची, डाव्या तळहातावर त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग ठेवायचं, आणि भिंतीला टेकवून, डोक्यामागं भिंतीत खिळा ठोकून, हनुवटीखालून कापड घेऊन त्या खिळ्याला बांधायचं. मान पडू नये म्हणून. मग मखरात बसवून भजन म्हणत न्यायचं आणि बसलेलंच मातीत ठेवायचं. जंगमस्वामी येतात, मंत्र म्हणतात, ते सगळं नंतर. आधी पाय मुडपायला पाहिजेत, अंग ताठायच्या आत. ते काम माझ्या सासूचं होतं. तिच्यामागं माझ्याकडं आलं. कोणाच्या घरी काही झालं की पहिला निरोप मला. गुडघ्याच्या मागं हात घालून, बोलत बोलत, लहान लेकराला बसवावं तसं बसवायचं. जोर करायचा नसतो.

आणि गंमत बघा, माझा स्वतःचाच उजवा गुडघा वाकत नाही. ओसरीवरून पडले तेव्हापासून. जेवायला खुर्ची, पूजेला खुर्ची. ह्यांना म्हणायचे, "माझ्या वेळेला लई तारांबळ उडल बघा तुमची."

"तुझ्या आधी मी हाय की," हे म्हणायचे. "खिडकी माझी."

४

मागच्या उन्हाळ्यात ह्यांना छातीचं दुखणं लागलं. जिना चढणं बंद. तांब्या उचलला तरी धाप लागायची. बीडच्या डॉक्टरनं महांतेशला बाजूला नेऊन सांगितलं, आणि महांतेशचं तोंड बघून मला कळलं.

ह्यांची खाट खाली टाकली. चार दिवस भिंतीकडं तोंड करून पडले. मग एका सकाळी म्हणाले, "शांते, वरून माती आण. आणि सांग, आपली रुद्राणी बसती कशी?"

रुद्राणी ह्यांची धाकटी बहीण, बीडला दिलेली. मला वाटलं, बहिणीची आठवण आली. मी सगळं सांगितलं. डावा खांदा जरा वर, कपाळाला विभूती जाड, पदर कानामागून. ह्यांनी खाटेवर बसून तिची पुतळी केली. इतकी हुबेहूब की मी तोंडावर हात ठेवला. पण पुतळीची मांडी घातलेली होती.

"मांडी कावून?"

"डब्यात बायका मांडी घालूनच बसतात की. तू बघितलं न्हाईस?"

बघितलं होतं. खरंच होतं ते.

रुद्राणी पावसाळ्याच्या तोंडी गेली. धडधाकट होती. भाजी निवडता निवडता गेली. मीच जाऊन तिला बसवलं. महांतेश आणि मी परत आलो तर हे जिना चढून वर गेलेले. न थांबता. खालून मला कानसीचा आवाज आला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. नणंद गेली, पण नवरा उठला. बाईचं मन असं असतं.

दुसऱ्या दिवशी वर फडकं मारायला गेले. फळीवर धूळ होती, आणि शेवटच्या डब्याच्या मागं बोटभर जागा स्वच्छ. चाकांच्या दोन रेघा. गाडी पुढं सरकली होती.

"तुमी सरकवली का?"

"असंल," हे म्हणाले.

असेल. कोणाचा तरी धक्का लागला असेल.

५

दिवाळीनंतर ह्यांना परत धाप लागायला लागली. आणि परत मला स्टुलावर बसवलं. या वेळेला माझा भाऊ. योगीराज.

"त्याचा कोणता खांदा पडलेला हाय?"

"उजवा. पोती उचलून. आणि बोटात अंगठी फिरवत बसतो."

पुतळी वाळत ठेवलेली मी बघितली. मांडी, डावा तळहात वर. त्या तळहातावर मोहरीएवढा काळा ठिपका. मला भरूनच आलं. आमच्यात पूजेला असंच बसतात. लिंग डाव्या हातात घ्यायचं आणि त्याच्याकडं बघत राहायचं. ह्यांनी माझ्या भावाला पूजेला बसवलं, असं मी चारचौघीत कौतुकानं सांगितलं. पुतळीच्या मागं एक टाचणी खोचलेली होती आणि हनुवटीखालून दोरा घेऊन टाचणीला बांधलेला. डिंक ओला असताना मान पडते, म्हणून बांधलंय, असं हे म्हणाले.

योगीराज संक्रांतीच्या आधी गेला.

मी त्याला बसवलं. रडत रडत बसवलं. कोणीतरी भिंतीत खिळा ठोकला, मी कापड हनुवटीखालून घेतलं, गाठ मारली आणि नीट बसलाय का बघायला दोन पावलं मागं सरले.

मान सरळ होती. नजर समोर.

तिथंच मी मागची भिंत धरली. बायकांना वाटलं, भावासाठी. पण मला पुतळी दिसत होती. पूजेला बसलेल्या माणसाची मान खाली असते हो. तो तळहाताकडं बघतो. सरळ मान बांधलेली कोणाची असते, ते माझ्याइतकं या तालुक्यात कोणाला ठाऊक?

गाडीत परत येताना मी स्वतःला समजावलं. मातीची मान ती. वाळताना ताठ राहिली असेल. आणि ह्यांच्याकडं बघितलं तर हे माझ्या भावासाठी रडत होते. खरे अश्रू. माझा हात हातात धरलेला.

त्या आठवड्यात ह्यांनी दुकानात उभं राहून गिऱ्हाईक केलं. तागे उचलले.

६

मग हे माझ्याशी फार चांगलं वागायला लागले.

रोज संध्याकाळी वाटीत तेल कोमट करून आणायचे आणि माझ्या पायाशी बसायचे. "आण पाय." उजवा गुडघा चोळायचे. आधी वरून, मग मागच्या बाजूनं, शिरेच्या कडेनं अंगठा दाबत. उभ्या आयुष्यात या माणसानं माझा पाय धरला नव्हता. सून वर्षाराणी दारातून बघून हसायची.

"मामाजी, आमच्या ह्यांना बी शिकवा की जरा!"

"त्याला म्हणावं, आधी म्हातारा हो."

आणि गुडघा सुटायला लागला. आधी बोटभर, मग आणखी. डॉक्टर थकले होते तिथं हा गुण आला. मी सगळ्यांना सांगत सुटले. ह्यांनी एक दिवस दुकानातून साडीही आणली, हिरवी, बारीक काठाची. म्हणाले, "पाडव्याला नेस." कापडाच्या दुकानदाराची बायको मी, पण आजवर जे नेसले ते तागा संपताना उरलेलं. मला लाज वाटली इतकी मी खूश झाले.

पाडव्याला नेसायला घेतली, तर निऱ्या पुरेनात. परत घातल्या, परत कमी. आतलं टोक बघितलं. वीतभर पट्टी कापलेली होती. सरळ, कात्रीची. आमच्या दुकानात माप कधी कमी जात नाही. ह्यांच्या वडिलांपासून नाही.

"वर्षा, ही साडी कोणी कापली गं?"

सून पुरण आटवत होती. "मला न्हाई ठाऊक, आत्याबाई. मामाजींनी वर नेली व्हती वाटतं." मग हसत म्हणाली, "तुमच्यासाठी कायतरी करायलेत ते. मला म्हणाले, बोलू नको."

"काय करायलेत?"

"सांगू? मला विचारत व्हते परवा. तुमची नथ कोणत्या बाजूला, अंबाडा किती वर, पदर कसा घेता. मी म्हणलं, मामाजी, इतका संसार केला आणि बायकोचं एवढं बी ठाऊक न्हाई?"

"आणखी काय विचारलं?"

"आणखी…" ती आठवत राहिली. "आणखी हेच की, तुमची उजवी मांडी आता पूर्ण बसती का."

पुरणाला बुडबुडे येत होते. मी चुलीकडं बघत उभी राहिले. सगळ्यांचं मला विचारलं होतं. माझं तेवढं मला विचारलं नाही.

७

जेवणं झाली. महांतेश आडवा झाला. हे दुकानाच्या गल्ल्यावर बसून पेंगत होते. मी जिना चढले. गुडघा एकदाही दुखला नाही, आणि प्रत्येक पायरीला मला ते जास्त नकोसं वाटत गेलं.

वरची खोली उन्हानं तापलेली. रंगाचा, डिंकाचा वास. गाडी फळीवर होती, आणि मागं पुन्हा धुळीत स्वच्छ जागा, आता हातभर. मी इंजिनावर हात ठेवला. गरम होतं. पत्र्याखालची खोली, चैत्र महिना, गरम असणारच. मी दुसरा हात डब्यावर ठेवला. डबा तितका गरम नव्हता.

आत वाकून बघितलं. रुद्राणी. योगीराज. सरळ माना. खिडकीची जागा मोकळी.

टेबलावर स्टीलचा पेला पालथा होता. तो उचलला.

पाठमोरी होती. पांढरा अंबाडा, त्यात आकडा. हिरवी साडी, बारीक काठ. मागं टाचणी, टाचणीला दोरा. डावा पाय मांडीत होता. उजवा अर्धाच मुडपलेला, ओला, वरून चिमट्याच्या दाबाची खूण.

तोंड बघायला मी पेल्यासकट वाकले, तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. भरभर, तरण्या माणसाची. मला क्षणभर महांतेशच वाटला.

"हात लावू नको," हे म्हणाले. "वाळायचीय अजून."

"ही कोण हाय?"

ह्यांनी फडक्याला हात पुसले.

"खिडकी तुमची व्हती ना?"

हे टेबलाजवळ आले. पेला माझ्या हातातून घेतला, अलगद, जसा काही तो काचेचा आहे. डोळे माझ्याकडं नव्हते.

"तुलाच खिडकी आवडती की गं," म्हणाले. "लातूरला जाताना सगळ्या वाटेनं तोंड बाहेर. पदर उडायचा, मी धरून बसायचो. आठवतंय मला."

आठवणं माझं काम होतं. आख्ख्या संसारात ह्यांना स्वतःहून एवढंच आठवलेलं मी ऐकलं, आणि ते असं.

"आणि तुमी?"

"मी येईन की सोडायला."

मी बोट पुढं केलं. तिचा उजवा पाय सरळ करायला. ह्यांनी माझं मनगट धरलं. मागच्या उन्हाळ्यात ज्याला तांब्या उचलत नव्हता, त्या माणसाची पकड ती. माझी बांगडी पिचली. मग हात सोडून त्यांनी तुकडे वेचले, फुंकर मारून टेबल साफ केलं, आणि पेला परत पालथा घातला.

"खाली जा," म्हणाले. "पाय दुखंल."

८

मी कोणाला काय सांगू? नवऱ्यानं माझी बाहुली केली? लोक म्हणतील, किती हौशी.

महांतेशला एवढंच म्हणाले, "मी गेले की मला निजवून न्या. पाय सरळ ठेवून."

तो घाबरला. "आई, काय बोलतीस? आपल्यात असं असतं का? साऱ्या गावाला तू बसवलंस, आणि तुला निजवून?"

"मला बसवू नका."

"आप्पांना विचारतो," तो म्हणाला.

मी उजव्या गुडघ्याला मागून फळी लावली आणि जुन्या धोतराच्या पट्टीनं घट्ट बांधली. सुनेला सांगितलं, कळ निघती. तेलाची वाटी आली की म्हणायचे, नको. हे वाटी तशीच धरून बसायचे, आणि तेल थंड झालं की उठून जायचे. रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं.

परत धाप लागायला लागली होती त्यांना. जेवताना ऐकू यायची.

काल ठोकण्याचा आवाज झाला. विचारलं तर वर्षाराणी म्हणाली, "मामाजींना कॅलेंडर लावायचंय." कॅलेंडर स्वयंपाकघरात आहे. अजून तिथंच आहे.

आज दुपारी गादीवर, भिंतीला टेकून, पाय लांब करून बसले होते. वरून कानस चालू होती. खर्र, खर्र. मी डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. पण सवय.

आवाज थांबला तेव्हा जाग आली.

फळी कोपऱ्यात नीट उभी करून ठेवलेली. धोतराची पट्टी घडी घालून तिच्यावर. आणि माझी मांडी घातलेली. दोन्ही पाय, अगदी सफाईनं, मी घालते तशी. मला कळलं नाही, म्हणजे जोर केला नव्हता. बोलत बोलत घातली असणार.

डोकं मागं टेकलं तर मागून काहीतरी गार लागलं. हात वर करून चाचपलं. खिळा.

उजवा पाय उचलून बघितला. उठत नाही. दुखत मात्र नाही.

हे दारात उभे आहेत. धुतलेलं धोतर, टोपी. फलाटावर माणूस उभा असतो तसे, हात उचलावा की थांबावं अशा बेतात. त्यांच्या मागून, वरच्या खोलीतून, बारीक घरघर येतेय. त्या इंजिनात मोटार नाही.

मी गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग डाव्या तळहातावर घेतलं, आणि मान खाली घातली. बघते आहे. फक्त तिथंच बघते आहे. मान खाली आहे तोवर मी पूजेला बसलेली आहे, दुसरं काही नाही.

"शांते," हे दारातून म्हणतात. आवाज लई मायेचा. "वर बघ की जरा."

मी बघत नाही.

"एकदाच. खिडकीतून कशी दिसतीस ते बघू दे."